चिनी माध्यमिक विद्यार्थ्यांचं इंग्रजी कसं तपासावं: ऐकणं, व्याकरण आणि शब्दसाठा

चीनमध्ये बारावीपर्यंत शिकलेल्या कुणालाही विचारा, शर्टाची किंमत किती? पापणी न लवता उत्तर येईल: नऊ पौंड पंधरा पेन्स. गाओखाओ म्हणजे तिथली राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा. तिच्या इंग्रजी पेपरात ऐकण्याचा विभाग सुरू होण्याआधी नमुन्यादाखल एक प्रश्न असतो: ‘हाउ मच इज द शर्ट?’ पर्याय तीन: 19.15, 9.18 आणि 9.15. उत्तर सी. वर्षानुवर्षं हाच शर्ट, हीच किंमत. मुलं ते वाक्य ऐकतच नाहीत, कारण त्यांना ते पाठ असतं.

चिनी मुलांचं इंग्रजी तपासायला बसणाऱ्याची खरी अडचण याच शर्टात आहे. ही मुलं परीक्षा देण्यात इतकी मुरलेली असतात की आपण त्यांचं इंग्रजी मोजतोय की परीक्षा देण्याचा सराव, हेच कळेनासं होतं. वूहानमध्ये उपयोजित भाषाशास्त्र शिकत असताना मी दोन वर्षं तिथल्या एका माध्यमिक शाळेसाठी निदानाची चाचणी, म्हणजे मुलं नेमकी कुठे अडतात ते शोधणारी चाचणी, तयार करून दिली. पहिल्या वर्षीची चाचणी फुकट गेली, दुसऱ्या वर्षीची बऱ्यापैकी जमली. दोन्हींतून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतोय. चिनी मुलांना शिकवणाऱ्यांना ते थेट उपयोगी पडेल. आणि महाराष्ट्रात इंग्रजी शिकवणाऱ्यांनाही मधूनमधून आपलाच वर्ग दिसेल, कारण ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ चिनी भाषेत नाहीत तसे मराठीतही नाहीत.

आधी ठरवा: कुणासाठी, कशासाठी

चीनमध्ये माध्यमिक शाळेचे दोन टप्पे आहेत. चूचोंग म्हणजे सातवी ते नववी आणि गाओचोंग म्हणजे दहावी ते बारावी. मध्ये चोंगखाओ ही गाओचोंगच्या प्रवेशाची परीक्षा आडवी येते. इंग्रजी साधारण तिसरीपासून असतं. 2022 च्या अभ्यासक्रमानुसार नववी संपेपर्यंत सुमारे 1,600 शब्द यावेत अशी अपेक्षा आहे. पुढे गाओचोंगमध्ये सक्तीचे आणि निवडक-सक्तीचे (गाओखाओ देणाऱ्यांसाठीचे) भाग धरून हा आकडा 3,000 च्या घरात जातो. चाचणी कुठल्या वर्गासाठी आहे त्यावर शब्दांची कमाल मर्यादा ठरवा आणि ऐकण्याच्या व व्याकरणाच्या भागात ती ओलांडू नका. शब्द न कळल्यामुळे ऐकण्याचा प्रश्न चुकला, तर तुम्ही ऐकणं तपासलंच नाही.

मी दहावीत नुकत्याच आलेल्या मुलांसाठी चाचणी केली, आणि माझ्या मते निदानासाठी हीच वेळ उत्तम. चोंगखाओ होऊन गेलेली असते, गाओखाओ तीन वर्षं लांब असते, त्यामुळे मुलं जरा मोकळ्या मनाने चुकतात. एक तासात तीन भाग घ्या: ऐकणं 20 गुण, शब्द 20, व्याकरण 20. वाचन आणि लेखन यात घुसडू नका. सगळं थोडंथोडं तपासलं की कशाचंच निदान होत नाही.

सातवी ते नववीच्या वर्गांसाठी एक पथ्य आहे. 2021 मध्ये गृहपाठ आणि शिकवण्यांचा भार कमी करण्याचं सरकारी धोरण आलं, त्यापाठोपाठ शाळांतल्या परीक्षांवरही मर्यादा आल्या. चूचोंगमध्ये सत्राअखेरीची परीक्षा आणि मध्ये फार तर एक, एवढंच. क्रमवारी जाहीर करायला बंदी. त्यामुळे तिथे ‘परीक्षा’ असं नाव न देता तासातच वीस-वीस मिनिटांचे, गुण नसलेले तुकडे करा. निदानाला गुण लागतच नाहीत.

त्यांना कुठला पेपर पाठ आहे ते बघा

नव्या पद्धतीच्या राष्ट्रीय पेपराची मांडणी माहीत असल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकूण 150 गुण, वेळ 120 मिनिटं. ऐकणं 30, वाचन 50, भाषेचा वापर 30, लेखन 40. ऐकण्याचे 20 प्रश्न असतात. पहिले पाच छोटे संवाद एकदाच वाजतात, पुढचे मोठे संवाद आणि निवेदनं दोनदा. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय. ‘भाषेचा वापर’ या भागात 15 जागा गाळलेला उतारा चार-चार पर्यायांसह येतो आणि त्यानंतर पर्यायांशिवायचा व्याकरणाचा उतारा, दहा जागांचा. त्यात बहुतेक जागांपुढे कंसात मूळ शब्द असतो, तो योग्य रूपात लिहायचा.

प्रांताप्रांतांत फरक आहेत. शांघायमध्ये इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनमध्ये होते. बीजिंगमध्ये ऐकणं-बोलणं संगणकावर घेतात. तुमची मुलं कुठली आहेत ते विचारून घ्या, कारण ज्या साच्यात ती तीन-तीन वर्षं घासली गेली आहेत तोच साचा तुम्ही वापरलात तर त्यांची तयारी दिसेल. साचा थोडा मोडलात तर इंग्रजी दिसेल. पूर्ण मोडू नका. सूचना समजण्यातच दहा मिनिटं गेली तर त्याचाही काही उपयोग नाही.

ऐकणं: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

ऐकण्याची चाचणी करणारे बहुतेक जण आधी एखादा रंजक ध्वनिमुद्रित तुकडा शोधतात आणि मग त्यावर प्रश्न काढतात. उलट करा. चिनी कानाला इंग्रजीत नेमकं काय निसटतं त्याची यादी आधी, संहिता नंतर. माझी यादी अशी होती.

एक, शब्दाच्या शेवटची व्यंजनं. प्रमाण चिनीत अक्षराचा शेवट स्वराने, किंवा ‘न’, ‘ङ’ आणि क्वचित ‘र’ने होतो. ‘त’, ‘ड’, ‘क’, ‘स’ने संपणारं अक्षर नाही. त्यामुळे ‘प्ले’ आणि ‘प्लेड’, ‘बुक’ आणि ‘बुक्स’ यांतला शेवटचा ध्वनी कानातून गळतो, आणि त्याच्यासोबत काळ आणि वचनही गळतं. दक्षिणेकडच्या क्वांगतोंग प्रांतातली मुलं घरी कॅन्टनीज बोलत असतील तर चित्र वेगळं असतं, कारण त्या भाषेत प-त-क शेवटी येतात, पण अर्धवट, तोंडातल्या तोंडात.

दोन, वूहान, छांगशा आणि आसपासच्या बोलींत ‘न’ आणि ‘ल’ यांची सरमिसळ होते. तिथल्या मुलांसाठी ‘स्नो’ आणि ‘स्लो’, ‘नाइट’ आणि ‘लाइट’ या जोड्या म्हणजे खरी कसोटी. बीजिंगच्या मुलांना त्याच जोड्या दिल्यात तर दोन मिनिटं वाया जातील.

तीन, मोठे आकडे. चिनीत मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी होते. गठ्ठ्याचं नाव ‘वान’. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा वान, दीड लाख म्हणजे पंधरा वान. ‘अ हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड’ ऐकल्यावर त्यांना मनात गठ्ठे सोडून पुन्हा बांधावे लागतात. लाख-कोटीत वाढलेल्या मराठी माणसाला ही कसरत समजावून सांगायला नको. आकड्याचा प्रश्न ठेवा, पण शर्टाच्या किमतीसारखा नको. लोकसंख्या, अंतर, पुस्तकांच्या प्रती असे पाच-सहा अंकी आकडे घ्या.

चार, नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच, म्हणून तो जवळून दाखवतो. संवाद दोनच ओळींचा:

बाई: ‘यू हॅवन्ट हॅड लंच, हॅव यू?’
मुलगा: ‘नो, बट आय अॅम फाइन.’

प्रश्न: मुलगा जेवला आहे का? ए) जेवला आहे. बी) जेवलेला नाही. सी) आत्ता जेवतो आहे.

चिनी माणूस समोरच्याचं म्हणणं बरोबर की चूक ते आधी सांगतो. ‘तू जेवला नाहीस ना?’ यावर तो म्हणेल ‘बरोबर, नाही जेवलो’. मराठीतही आपण ‘हो, नाही जेवलो’ म्हणतोच. त्यामुळे इंग्रजीतलं नुसतं ‘नो’ ऐकून मूल समजतं की बाईंचं म्हणणं खोडलं, म्हणजे जेवला. म्हणून ते ए निवडतं, बरोबर उत्तर बी. इथे चूक केलेल्या मुलाला शब्द सगळे ऐकू आलेले असतात. अडतं ते ‘नो’चा अर्थ लावताना.

पहिल्या वर्षी मी हाच प्रश्न लिहिला होता, पण मुलाच्या तोंडी ‘नो, आय अॅम स्टार्व्हिंग’ घातलं. जवळपास अख्ख्या वर्गाचं उत्तर बरोबर आलं आणि मी खूश झालो. नंतर माझ्या वर्गातल्या चिनी मैत्रिणीने सहज विचारलं, ‘ज्याला फक्त शेवटचा शब्द कळला त्याचंही बरोबर येणार ना?’ पुढच्या वर्षी ‘फाइन’ आलं. जेवलेला माणूसही ‘फाइन’ असतो आणि न जेवलेलाही असू शकतो, त्यामुळे त्या शब्दाचा टेकू मिळत नाही. प्रत्येक प्रश्नाला ही चाळणी लावा: एकच ठळक शब्द पकडून उत्तर मिळतंय का? मिळत असेल तर तो शब्द काढा, किंवा चुकीच्या पर्यायांतही तो पेरा.

याच्या उलटी चूकही होते. मी भूतकाळाच्या शेवटच्या ध्वनीसाठी वाक्य लिहिलं होतं ‘दे वॉक्ड टू द स्टेशन’. त्यात ‘वॉक्ड’चा शेवट पुढच्या ‘टू’च्या ‘ट’मध्ये बुडून जातो. लंडनच्या माणसालाही तो संदर्भाशिवाय ऐकू येणार नाही. पुढचा शब्द स्वराने सुरू होणारा घ्या: ‘द बॉइज प्लेड ऑल आफ्टरनून.’ आणि विचारताना काळाचं नाव विचारू नका, अर्थ विचारा: ते आजचं सांगतायत की रोजचं?

वीस गुणांची वाटणी मी अशी केली: बारा प्रश्न तीन पर्यायांचे, आठ गुणांचं अर्धं श्रुतलेखन. अर्ध्या श्रुतलेखनात वाक्य छापलेलं असतं, त्यातले दोन-तीन शब्द गाळलेले. मुलाने ऐकून भरायचे. स्पेलिंगला गुण कापू नका. ‘प्लेड’ कसंही लिहिलं तरी शेवटचा ‘ड’ आहे का एवढंच बघा. पर्यायांचा प्रश्न अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतोच, श्रुतलेखनात तो दरवाजा बंद असतो. मुलांचे दोन्ही भागांतले गुण शेजारी ठेवले की कोण ऐकतं आणि कोण पर्याय वाचून तर्क लढवतं ते दिसतं.

ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओ नको. कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली, बंद पंखा आणि तोंडापासून वीतभर अंतरावर आडवा धरलेला चांगला फोन पुरतो. आवाज दोन हवेत, एक स्त्रीचा, एक पुरुषाचा. एकाच माणसाने दोन्ही भूमिका वाचल्या की कोण बोलतंय यातच मुलं हरवतात. दहावीसाठी मिनिटाला साधारण 120 ते 130 शब्द असा वेग ठेवा. वेग कमी करायचा असेल तर वाक्यांमधला थांबा वाढवा, शब्द ताणू नका. ताणून बोललेलं इंग्रजी कुणीच बोलत नाही, आणि ‘टू’, ‘फॉर’, ‘हॅव’ या शब्दांचे नेहमीचे दबलेले उच्चार त्यात नाहीसे होतात. नेमके तेच तर तपासायचे असतात.

किती वेळा वाजवायचं? मी सगळं एकदाच वाजवलं आणि मुलं नाराज झाली. पण दोनदा वाजणार हे माहीत असलं की पहिल्यांदा मुलं ऐकत नाहीत, पर्याय वाचतात. ही सवय त्यांना शिकवलेली असते, त्यांचा दोष नाही. एकदाच वाजवायचं असेल तर प्रत्येक प्रश्नाआधी पर्याय वाचायला आठ-दहा सेकंदं द्या, म्हणजे अन्याय होणार नाही.

शब्द: एका शब्दाला एक चिनी अर्थ

चीनमध्ये शब्दपाठांतराची पुस्तकं वर्णानुक्रमे असतात आणि पुष्कळांत सुरुवातीलाच शब्द येतो ‘अबँडन’, म्हणजे सोडून देणे. पुस्तक उघडलं, पहिला शब्द वाचला, पुस्तक मिटलं, हा विनोद तिथला प्रत्येक विद्यार्थी करतो. विनोद बाजूला ठेवला तर ही मुलं खरोखर हजारो शब्द पाठ करतात. मात्र पाठ होते ती जोडी: एक इंग्रजी शब्द, एक चिनी अर्थ. म्हणून नुसता अर्थ विचारणारी चाचणी त्यांना सोपी जाते आणि आपल्याला काहीच सांगत नाही.

मी वीस गुण दोन भागांत वाटले. पहिल्या भागात किती शब्द येतात याचा अंदाज. चाळीस शब्दांची यादी द्यायची आणि माहीत असलेल्या शब्दावर खूण करायला सांगायची. त्यातले दहा शब्द खोटे असतात, इंग्रजीसारखे दिसणारे पण अस्तित्वात नसलेले: ‘प्लोन्डर’, ‘मरव्हेट’ अशा धाटणीचे. ही युक्ती ब्रिटिश संशोधक पॉल मीरा यांनी 1980 च्या दशकात रूढ केली. खोट्या शब्दांवर खुणा जास्त असतील तर खऱ्या शब्दांवरच्या खुणांवर विश्वास ठेवायचा नाही. हिशेब सोपा ठेवा: खऱ्यांवरच्या खुणांची टक्केवारी वजा खोट्यांवरच्या खुणांची टक्केवारी. तीसपैकी 24 खरे म्हणजे 80 टक्के, दहापैकी 2 खोटे म्हणजे 20 टक्के. हाती राहिले 60. त्याचे दहापैकी सहा गुण. एक काळजी घ्या: ‘यादीत खोटे शब्द आहेत’ हे आधी स्पष्ट सांगा. न सांगता घेतली तर तो सापळा होतो, आणि ज्या मुलांना रिकामी जागा सोडू नका असं लहानपणापासून बजावलेलं असतं ती त्यात हमखास अडकतात. निकाल आल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटतं आणि पुढच्या चाचणीला ती तुमच्याकडे संशयाने बघतात.

दुसरा भाग शब्द किती खोलवर कळलाय याचा. इथे चिनी एक शब्द आणि इंग्रजी अनेक, अशी ठिकाणं शोधा. ‘खान’ या एका क्रियापदात इंग्रजीतले ‘लुक’, ‘सी’, ‘वॉच’ आणि ‘रीड’ चारही मावतात. पुस्तकही ‘खान’, सिनेमाही ‘खान’, डॉक्टरकडे जाणंही ‘खान’. ‘जिए’ म्हणजे उसनं घेणंही आणि उसनं देणंही, म्हणून ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांची अदलाबदल होते. ‘खाय’ म्हणजे उघडणं, दार ‘खाय’, दिवाही ‘खाय’. त्यातूनच ‘ओपन द लाइट’ येतं. ‘लर्न नॉलेज’ हेही तसंच, चिनीत अगदी स्वाभाविक. असे प्रश्न पर्यायांनी विचारलेत तर मुलं ओळखून मोकळी होतात, कारण हे शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलेलं असतं. वाक्य पूर्ण करायला द्या. चित्र द्या: मुलगी मैत्रिणीच्या हातात छत्री देते आहे. ‘श्याओमेइ ______ हर फ्रेंड अॅन अंब्रेला.’ इथे हात आपोआप ‘बॉरोज’ लिहितो की थांबतो, ते बघायचं.

सगळ्यांना माहीत आहे असं वाटणारे सोपे शब्द इथे घ्या. कठीण शब्दांची खोली तपासण्यात दहावीत काही राम नाही.

व्याकरण: रिकामी जागा दिली की अर्धं उत्तर दिलं

गाओखाओमध्ये पूर्वी एकेका वाक्याचे, चार पर्यायांचे व्याकरणाचे प्रश्न असत. त्यांची जागा उताऱ्यातल्या गाळलेल्या जागांनी घेतली, हा बदल चांगलाच झाला. पण सरावाने त्याचेही ठोकताळे बनले आहेत. वाक्यात ‘सिन्स’ दिसलं की ‘हॅज’ लावून तिसरं रूप. ‘यस्टर्डे’ दिसलं की दुसरं रूप. नियम बरोबर आहे, पण मूल काळाचा अर्थ न लावता खुणेचा शब्द शोधतं. चिनीत क्रियापदाचं रूप बदलत नाही. काम झालं, चालू आहे, पूर्वी कधी केलंय हे छोटे शब्द जोडून सांगतात आणि काळ संदर्भावरून कळतो. म्हणून खुणेचा शब्द काढून टाकला की खरी समज उघडी पडते. ही दोन वाक्यं बघा:

‘माय ग्रँडफादर इज नाइन्टी. ही ______ (सी) मेनी फ्लड्स.’
‘माय ग्रँडफादर डाइड बिफोर आय वॉज बॉर्न. ही ______ (सी) मेनी फ्लड्स.’

पहिल्यात ‘हॅज सीन’, दुसऱ्यात ‘सॉ’. दोन्हींत गाळलेल्या वाक्यात खुणेचा शब्द नाही. आजोबा आहेत की गेले, एवढ्यावर काळ ठरतो. दोन्ही वाक्यं उताऱ्यात लांब लांब ठेवा, शेजारी नको. (वूहानच्या मुलांना पुराचा विषय समजावावा लागत नाही, 1954 आणि 1998 चे यांगत्सेचे पूर घरोघरी ऐकलेले असतात. उताऱ्याचा विषय असाच घ्यावा, मुलांच्या गावचा. लंडनच्या भुयारी रेल्वेवरचा उतारा मी पहिल्या वर्षी दिला होता, तोही फसला.)

‘अ’, ‘अॅन’, ‘द’साठी तर गाळलेली जागा अजिबात देऊ नका. जागा दिसली की मुलाला कळतं, इथे काहीतरी हवंय. मग तीनातलं एक निवडायचं. खरा प्रश्न मुळात हवं का, हाच असतो. ऐंशी शब्दांचा उतारा घ्या, त्यातले सगळे ‘अ-अॅन-द’ काढून टाका, जागाही सोडू नका आणि सांगा: जिथे वाटेल तिथे भरा. किती आहेत ते सांगू नका. तपासताना दोन आकडे वेगळे लिहा: हवे तिथे किती घातले आणि नको तिथे किती घातले. पहिला कमी असेल तर मुलाला त्यांची जाणीवच नाही. दुसरा जास्त असेल तर नियम अर्धवट पाठ आहे. दोघांना एकच धडा देऊन चालत नाही.

तिसरा प्रकार दुरुस्तीचा: उताऱ्यात दहा चुका, शोधून सुधारायच्या. जुन्या राष्ट्रीय पेपरात तो होता, त्यामुळे शिक्षकांना ओळखीचा आहे. इथे चिनी घडणीच्या चुका पेरा. ‘बिकॉज’सोबत ‘सो’, ‘ऑलदो’सोबत ‘बट’. चिनीत कारण आणि परिणाम, ‘जरी’ आणि ‘तरी’ जोडीनेच येतात. आपल्याकडेही ‘जरी’ला ‘तरी’ हवाच, म्हणून मराठी मुलंही हेच लिहितात. ‘देअर हॅव मेनी पीपल’. ‘आय व्हेरी लाइक’. आईबद्दल बोलताना मध्येच ‘ही’, कारण बोलताना चिनीत तो आणि ती दोघांनाही ‘था’ म्हणतात, लिपीत तेवढी चिन्हं वेगळी. दहाच्या दहा ओळींत चुका पेरू नका. सहा चुका, चार बरोबर ओळी ठेवा आणि सूचनेत ‘प्रत्येक ओळीत चूक असेलच असं नाही’ हे मोठ्या अक्षरात लिहा.

पर्यायांची लांबी

चिनी वर्गात एक परीक्षामंत्र फिरतो: तीन लांब एक आखूड, तर आखूड निवडा, तीन आखूड एक लांब, तर लांब निवडा. पुढे ‘सगळे वेगवेगळे असतील तर सी’ अशा शेपट्याही जोडतात. थट्टा म्हणून सांगतात, पण घाई झाली की हात तिकडेच जातो. माझ्या पहिल्या पेपरात बरोबर उत्तर सगळ्यात लांब, असं निम्म्याहून जास्त वेळा झालं होतं, कारण बरोबर उत्तर चोख लिहायच्या नादात मी शब्द वाढवत गेलो. पेपर पूर्ण झाल्यावर फक्त पर्याय बघा, प्रश्न झाकून ठेवा. लांबीवरून, सूरावरून किंवा ‘नेव्हर’, ‘ऑलवेज’ अशा शब्दांवरून उत्तर ओळखता येतंय का? एका चिनी विद्यार्थ्याला, जो ही चाचणी देणार नाही त्याला, असाच झाकलेला पेपर द्या. तीन पर्यायांत त्याचे एक तृतीयांशाहून बरेच जास्त बरोबर आले तर पेपर पुन्हा लिहा.

चाचणीचा दिवस

दुपारी जेवणानंतर शाळांत झोपेची वेळ असते, त्यानंतरचा पहिला तास टाळा. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं असतात आणि भोंगा बहुतेक फळ्याच्या वर. आदल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून अख्खं मुद्रण ऐका, खिडक्या उघड्या आणि बंद अशा दोन्ही वेळी. गाओखाओच्या दिवशी परीक्षाकेंद्रांजवळ बांधकामं थांबवतात, गाड्यांचे हॉर्न बंद करतात. तुमच्यासाठी कुणी काही थांबवणार नाही, तेव्हा शेजारच्या वर्गाचा संगीताचा तास तरी कधी आहे ते बघून ठेवा.

तपासणी: कुठला प्रश्न नापास झाला

मुलांच्या आधी प्रश्नांचा निकाल लावा. समजा 48 मुलं आहेत. एकूण गुणांनी क्रम लावा. वरची 27 टक्के, म्हणजे 13 मुलं आणि खालची 13 वेगळी काढा. प्रत्येक प्रश्नासाठी दोन आकडे मांडा. वरच्यांपैकी 11 आणि खालच्यांपैकी 4 जणांचं बरोबर आलं, तर फरक 7, भागिले 13 म्हणजे 0.54. हा प्रश्न मुलांना नीट वेगळं करतो. 0.2 च्या खाली आला तर प्रश्न संशयित. आणि वरच्यांपैकी 5, खालच्यांपैकी 8 असं उलटं आलं, उत्तर उणे 0.23, तर चूक मुलांची नाही. बहुतेक वेळा तिथे दोन पर्याय बरोबर असतात, किंवा उत्तरपत्रिकेची किल्लीच चुकलेली असते. असा प्रश्न सगळ्यांच्या गुणांतून काढून टाका.

सगळ्यांचं बरोबर आलेला प्रश्न निदानाच्या चाचणीत लगेच फेकू नका. मुलांना काय येतं हेही कळायला हवंच. पण असे प्रश्न निम्मे झाले तर तुमची पातळी चुकली.

पुढच्या सत्रात दुसरी चाचणी घेणार असाल तर पहिलीतले पाच-सहा चांगले प्रश्न तशाच्या तसे तिच्यात ठेवा. त्यांवरून कळतं की गुण वाढले ते मुलं सुधारली म्हणून की पेपर सोपा निघाला म्हणून. हे प्रकरण किती चिघळू शकतं ते झेजियांग प्रांताने दाखवलं. तिथे इंग्रजीची गाओखाओ वर्षातून दोनदा होऊ लागली होती. नोव्हेंबर 2018 चा पेपर आधीच्यापेक्षा अवघड गेला म्हणून काही प्रश्नांचे गुण भार देऊन वाढवले गेले. पालकांचा संताप उसळला, चौकशी झाली आणि डिसेंबरमध्ये ते वाढीव गुण रद्द करून मूळ गुण दिले गेले. अडचण खरी होती, पण दोन पेपरांची काठिण्यपातळी जुळवायचा विचार परीक्षेनंतर करून भागत नाही.

निकाल परत देताना

क्रमवारी देऊ नका आणि पालकांच्या वीचॅट (व्हॉट्सअॅपसारखं चिनी अॅप) गटात एकूण गुण टाकू नका. एकूण 60 पैकी 41 या आकड्यातून कुणाला काहीही करता येत नाही. प्रत्येक मुलाला चार-पाच ओळींची चिठ्ठी द्या: शेवटची व्यंजनं, आकडे, नकारार्थी प्रश्न, ‘अ-अॅन-द’, काळ, शब्दांची खोली, प्रत्येकापुढे बरोबर किती.

ऐकण्याच्या भागासाठी आणखी एक गोष्ट करा. उत्तरपत्रिका परत द्या, मुद्रण पुन्हा वाजवा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे मुलाला स्वतःच एक खूण करायला सांगा: गोल म्हणजे ‘आवाजच पकडता आला नाही’, त्रिकोण म्हणजे ‘शब्द ऐकू आले, अर्थ लागला नाही’, फुली म्हणजे ‘कळलं होतं, पर्याय चुकला’. खुणा चिनीत समजावून सांगा, इथे इंग्रजीचा आग्रह नको. गोल जास्त असलेल्यांना जोड्यांचं ऐकणं आणि रोजचं पाच मिनिटांचं अर्धं श्रुतलेखन द्या. त्रिकोणवाल्यांना तीच संहिता वाचायला द्या. वाचूनही कळली नाही तर त्यांचा प्रश्न शब्दांचा किंवा व्याकरणाचा आहे, कानाचा नाही. फुल्या जास्त असलेली मुलं बहुतेक वर्गातली हुशार म्हणून ओळखली जाणारी निघाली, आणि त्यांना मी पुढची सगळी श्रवणचाचणी पर्यायांशिवाय दिली.